चाळण

परळच्या ओपीडीत विभास
तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षर
मान वाकडी करून, कडेनं वाचतो.
मधोमध डाग. वय एकोणीस.

माझगावच्या मनोहरमामाचंही हेच.
घड्याळं दुरुस्त करायचा;
एके सकाळी आकडे दिसले, काटे नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मायटोकाँड्रिया आईचेच येतात.
बापाकडचा विस्तव
अंड्यात शिरला की विझवतात.
म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची चाळण फक्त लेकींच्या हाती,
आणि लेकींना जो बोचत नाही
तो खडा, खडा ठरत नाही.

आई केसपेपरची घडी घालत राहिली,
मग उलगडून पुन्हा.

बाहेर बसचा नंबर
मीच वाचला, लांबून, चष्म्याशिवाय.

मला तिसरा लागलाय.
आईला अजून सांगितलं नाही.