बघून ठेव

सोहार बंदरात मी हेल्मेटं वाटतो.
पिवळी फिटरांना, पांढरी साहेबांना,
हिरवं माझं स्वतःचं.
कुणाच्या केसालाही धक्का लागू नये
एवढीच नोकरी, अकरा वर्षांची.
संध्याकाळी काढून उलटं धरलं
की आतल्या घामट पट्टीला
माझेच आठ-दहा चिकटलेले.

खोलीत सगळ्यांचं एकच मत : पाणी.
समुद्राचं गोडं केलेलं, गच्चीच्या टाकीत उकळलेलं.
पलीकडच्या खाटेवरचा नारकर
प्यायच्या बाटलीतल्या पाण्यानं डोकं धुतो,
वीस लिटरमध्ये चार वेळा, हिशोब वहीत.
तरी त्याचं कपाळ
माझ्याआधी मानेला भेटलं.

कुन्हिमोन पाण्याचं काही बोलत नाही.
केस कापून झाले की मागून आरसा दाखवायचा,
अलीकडे दाखवल्यासारखं करतो
आणि चटकन फिरवतो भिंतीकडे.
न्हाव्याला आधी कळतं.

डॉक्टर शाहिनाज भिंग लावून बघत राहिल्या.
पाण्यानं केस राठ होतात, म्हणाल्या,
असे जात नाहीत. हेल्मेटनंही नाही.
हे दर फेरीला बारीक होत चाललेत,
आधी दोरा, मग लव, मग काहीच नाही.
घरात कुणाला होतं?

सांगता येईना.
वडलांचं डोकं मी बघितलेलंच नव्हतं.
जेवताना टोपी, झोपताना टोपी,
आंघोळीला ते आमच्याआधी उठत.

मग आठवलं. बघितलं होतं, एकदा.
गेल्या मार्चात, चुलतभावाच्या फोनवर,
अंगणात निजवलेलं, टोपी बाजूला काढून.
नेटवर्क अडकलं आणि चित्र थिजलं ते नेमकं तिथंच :
मधोमध लख्ख,
कानांवरून पांढरी किनार.
प्लांटचं शटडाऊन चालू होतं, रजा मिळाली नाही.
दहाव्याला कुन्हिमोननं अर्धं शटर ओढून
माझं मुंडण केलं. शेंडी कुठं राखतात
ते त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नीटसं नाही.
पैसे घेतले नाहीत त्यानं.

केस आले परत, पण कडेकडेनं.
वस्तऱ्यानं गेले का हो?
नाही, म्हणाल्या. वस्तरा मुळाशी पोचतच नाही.
दुःखानं गळतात कधी, दोन-तीन महिन्यांनी,
ते बहुतेक परत येतात.
हे मात्र घरातून आलेलं. वडलांकडून, आईकडूनही.

मग उपाय सांगितले, बोटं मोडत.
एक औषध, डोक्याला चोळायचं, रोज.
सुरुवातीला जास्तच गळतील, घाबरून सोडू नका.
गुण यायला चार-सहा महिने,
आणि थांबवलंत की राखलेलंही जाईल.
म्हणजे व्हिसाच की, मी मनात म्हटलं.
एक गोळी, तिच्याबद्दल आधी बायकोशी बोला.
स्वतःच्याच रक्ताच्या सुया :
खात्री कमी, बिल मोठं.
आणि रोपण.
मागचे केस हट्टी असतात, सहसा जात नाहीत.
तिथले काढून पुढे लावायचे.
नव्या जागी ते आधी झडतात,
वाटतं, संपलं, पण मुळं आत धरून असतात.
पुढे उगवतात, आणि नव्या जागेचं ऐकत नाहीत,
मागच्याच वळणानं वाढतात, वर्षानुवर्षं.

मी हसलो.
त्यांना वाटलं, खर्चाचा आकडा ऐकून.

बाटली घेतली. सकाळी एकदा, रात्री एकदा,
नळीवरच्या रेघेपर्यंत.
नारकर म्हणतो, फरक?
म्हटलं, दिवाळीला विचार.

शुक्रवारी घरी फोन लावला.
मुलगा म्हणाला, बाबा, सुट्टीच्या दिवशी,
खोलीत बसून, हेल्मेट कशाला?
उत्तर होतं तोंडात. सेफ्टीचं.
नऊ वर्षांचा आहे तो.
उद्या त्यालाही कुणी भिंग लावून विचारील.

काढलं.
फोन डोक्याच्या वर उंच धरला,
हात जरा थरथरला, चित्र हललं असणार.
बघून ठेव, म्हटलं.