गजावरची रेघ

नाताळ उलटला की गॅलटनच्या डोंगरात
फक्त गारगोटीच्या बंदुकांचे दिवस उरतात.
एल्वुड क्रेसगी म्हणायचा,
थंडीतून आलेली बंदूक घरात आणू नये.
तिला घाम फुटतो.
तुझ्या चष्म्यावरचा तुला दिसतो तरी,
नळीच्या आतला कोण पुसणार?
म्हणून ती पडवीत, सरपणाच्या वर,
दोन खिळ्यांवर रात्रभर गारठलेली.

मी औषधांच्या दुकानातला. शिकार माझ्या रक्तात नाही.
तो माझ्याकडून एरंडेल न्यायचा, मेणात कालवायला.
“तुमच्याकडे हे कोण वापरतं?”
पोरं. रविवारी सकाळी, नाक धरून.
तो इतका हसला की काउंटरवर पावती ओली झाली.

मग कधीमधी मी त्याच्याकडे जाऊन बसू लागलो, दिवा धरायला.
उकळतं पाणी, साबण, गजाच्या टोकाला चिंधी.
“दारूची राख खारट असते.
हवेतलं पाणी पिते आणि लोखंड खाते.
बार उडाला त्याच रात्री धुवायचं.
दमलो-बिमलो ते नंतर.”
रात्री तेलाचा हात,
पहाटे तेच तेल कोरडं पुसून मग ठासणी,
नाहीतर दारू रुसते, ऐन वेळी नुसती ठिणगी.
चापावर चरबी चोळलेलं कातडं,
कानात कोंबडीचं पीस,
आणि तोंडावर नातीच्या वाढदिवसाचा उरलेला
लाल फुगा.

गजावर चाकूने ओढलेली एक रेघ होती.
नळी रिकामी असली की रेघ तोंडाशी येते.
भरलेली असली की दोन बोटं वर.

तीन जानेवारीला तो जेवता जेवता गेला.

मार्चमध्ये आर्लीनचा फोन:
वेल्सबरोहून गिऱ्हाईक येतंय उद्या,
बंदूक स्वच्छ आहे का बघशील?
मी खिळ्यांवरून उतरवली. कानात पीस तसंच.
फुगा काढून गज सोडला
आणि तो थांबला.
पुन्हा सोडला.
बरोबर दोन बोटं वर.

त्या दिवशी त्याला हरण दिसलंच नसणार.
रंजक झाडून, नळी तशीच ठेवून
तो जेवायला आत आला होता.
सकाळी निघायचं होतं.

आर्लीन बूट घालून आली. मला म्हणाली, बाजूला हो.
रंजक तिनंच घातली, घोडा तिनंच ओढला.
गोठ्यामागच्या ओंडक्यावर
दोन महिन्यांची ती दारू
पहिल्याच ठिणगीला बोलली.
धूर बर्फावर बराच वेळ उभा राहिला.
मी काही बोलणार होतो,
ती आत गेली होती, पाणी ठेवायला.

पाचवी चिंधी करडी, सहावी पांढरी.
तरी तिनं आणखी एक फाडली,
त्याच्या फ्लॅनेलच्या शर्टाची.
एक बाही अजून शिल्लक होती.