डिपस्टिक

हेज, कॅन्सस. जानेवारी, उणे अकरा.
ट्रक शहात्तर सालचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
दारावर जुन्या मालकाच्या नावाची
उरलेली साडेतीन अक्षरं.

सुरू होतो बिचारा.
पण सिग्नलला उभा राहिला की आचके देतो,
आरसा इतका थरथरतो
की मागची एकच गाडी तीन दिसते.
आणि तेलाच्या दाबाचा काटा
जेवून सुस्तावल्यासारखा डावीकडे कलंडलेला.

लिरॉय ड्रायलिंग पलीकडच्या अंगणातून आला,
हातात विजेरी, तोंडात पन्नास वर्षांचं गॅरेज.
डिपस्टिक ओढली, डोळ्यांशी नेली, नाकाशी नेली,
पुसली, परत खुपसली.
"तेल भरपूर आहे. बेअरिंगं संपली असतील,
नाहीतर तळाचा पंप. इंजिन उचलावं लागेल."
इंजिन उचलायचं म्हणजे
ट्रकच्या किमतीपेक्षा मोठा आकडा.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते.
आकडा भयंकर आला की आम्ही
पेशंटवर नाही, आधी मशीनवर संशय घेतो.
म्हणून दुकानातून साधा नळीचा गेज उसना आणला,
ब्लॉकला पिळून बसवला.
थंड असताना तीस. तापल्यावर सहा.
काटा खरं बोलत होता.

मग प्लग काढले. आठही काळे,
चुलीमागच्या भिंतीसारखे.
नवे घातले. वायरी बदलल्या. कॅप बदलली.
दोन दिवस शहाण्यासारखा चालला,
तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
आजार म्हशीला नि औषध पखालीला,
हे लिरॉयला इंग्रजीत सांगताना
पखालीपाशी अडले.
म्हशीपाशीही.

रविवारी पाळीवरून आले, अंगात तेच निळे कपडे,
आणि काही सुचेना म्हणून डिपस्टिक ओढली.
तेल खुणेच्या वर.
बोटभर वर.
कमी झालं की माणूस घाबरतो,
वाढलेलं कोण मोजतं?
मी तर थेंबही ओतला नव्हता.

टिश्यूवर एक ठिपका टेकवला.
मध्ये काळा डाग, आणि त्याच्याभोवती
पसरत गेलेलं पातळ, फिकट वलय.
नाक जवळ न्यायची गरजच नव्हती,
वास आपणहून आला:
पेट्रोल.

इंजिनाच्या कुशीला लावलेला पेट्रोलचा पंप,
त्याच्या आतला पडदा फाटलेला.
थेंब थेंब पेट्रोल तेलात झिरपतंय,
तेलाचं पाणी होतंय, पाण्याला दाब कुठला?
आणि त्याचीच वाफ फिरून इंजिनाच्या श्वासात,
म्हणून ते आचके, म्हणून ते काळे प्लग.
तक्रारी दोन. चीर एक,
करंगळीच्या नखाएवढी.

लिरॉयला हाक मारली. स्टिक पुढे धरली.
त्यानं पुन्हा नाकाशी नेली, पुन्हा मान हलवली,
"ठीक आहे की."
मी काही बोलले नाही. तोही नाही.
मग हातमोजा काढत म्हणाला,
"नोव्हेंबरपासून. कॉफीसुद्धा नाही.
मार्लीसला सांगू नकोस,
ती मला गॅसच्या शेगडीजवळ फिरकू द्यायची नाही."

पंप दोन बोल्टांचा. खरंच, दोन.
जुनं तेल सोडलं तर ते घमेल्यात
कोऱ्या चहासारखं पडलं, गाणं म्हणत.
नवं तेल, नवा फिल्टर. काटा उठून बसला.
तापल्यावर बावीस.

टोपणाशी वाकून लिरॉयनं विचारलं,
"नव्या तेलाचा वास कसा आहे?"
"फारसा नसतोच," मी म्हटलं.
"मग मला बरोबर आला," तो म्हणाला,
आणि बॉनेट सोडून दिलं.

दुसऱ्या गिअरमध्ये अजून काहीतरी वाजतं.
ते फेब्रुवारीत.