चौथा भिडू

ग्वालेग्वायच्या नदीकाठी, बोट-क्लबाच्या मागच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही चौघं. तीस वर्षं झाली.
एखाददुसरं कमी असेल,
हिशेब ओलेगारियो ठेवायचा.

येर्बाच्या कडू पाण्याचा तुंबा हातोहात फिरतो.
त्याचा एकच नियम:
'आभारी आहे' म्हणालात की तुमचं पुरे झालं,
पुढची फेरी तुम्हाला वगळून.
ओलेगारियो आता पहिल्याच घोटाला आभार मानतो,
मान लववून, आईने शिकवलं असेल तसं,
आणि मग वाट बघत बसतो, हात अर्धा पुढे.
बासिलिओने काही न बोलता तुंबा पुन्हा भरून दिला.
नियम तिथेच मोडला.
ठराव कुणी मांडला नाही.

पारानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं.
सगळे आकडे एका कुशीवर निजले होते, देलमिरा सांगते.
घरात तो तिला ताई म्हणतो.
रात्री दोनला बूट घालून ऑफिसला निघतो.
पण दारात पाहुणा आला की उठून खुर्ची देणार,
"घरचे बरे ना?" विचारणार,
आणि उत्तर ऐकताना
नेमक्या वाक्यावर चेहरा गंभीर करणार.
"ठणठणीत तर आहे!" म्हणून लोक निघतात.
देलमिरा दार लावून घेते
आणि कडीवरचा हात काही वेळ तिथेच ठेवते.

आमच्या डावात भिडूला खुणा करायची मुभा असते.
खालचा ओठ चावला तर तिर्री,
डोळा मारला तर सोट्याचा एक्का,
भुवया उडवल्या तर तलवारीचा. त्याच्यावर पान नाही.
खूण भिडूने टिपायची, शत्रूने नाही.
शत्रू म्हणजे मी, त्याच्या डाव्या हाताला.

परवा तो भिडूकडे पाठ करून माझ्याकडे वळला
आणि माझ्याच तोंडावर भुवया उडवल्या.
"त्रुको!" ओरडला.
बासिलिओचा चेहरा पडला.

माझ्याकडे सोट्याचा एक्का होता.
पण चाळीस वर्षं मी पोस्टात होतो,
दुसऱ्याच्या नावचं पाकीट
उघडायची सवय नाही हाताला.
पानं पालथी टाकली,
घेवड्याचा एक दाणा त्यांच्या ढिगात सरकवला.

खासिंतोने पिसायला पत्ते गोळा केले
तेव्हा ओलेगारियोची पानं उताणी पडली:
चौकी, चौकी, पंजी.

आता मला सांगा.
भिडू कोण ते विसरला,
की माझं मन वाचलं त्याने,
मी काय बघणार, बघून काय करणार,
सगळं?
थाप मारायला समोरचा माणूस आत कुठेतरी शाबूत लागतो.
घड्याळाचं काय घेऊन बसलात.

तो हसला. दाणा चिमटीत धरून
"आभारी आहे," म्हणाला, मलाच.
बासिलिओने किटली परत चुलीवर ठेवली.