रांगून पाहिलेलं घर

पाटी रंगवायच्या आधी
मी एक अख्खी दुपार रांगत काढली.
माजघर, पडवी, न्हाणीचा उंबरा.
भालू बंदरावरून जेवायला आला, दारातच थांबला.
"काय गो, काय हरावला?"
"गप रव. मी आता दीड वर्साची आसंय."

त्या उंचीवरून हे घर मी कधी बघितलंच नव्हतं.
पंचवीस वर्षं केर काढला, सारवलं, मग लाद्या बसवल्या,
आणि कपाटाखाली खवणी बसलेली
दात नेमके डोळ्यांच्या रेषेत धरून.
मोरीत फिनेल, कोकम सरबताच्या बाटलीत,
लेबलासकट.
ती बाटली मीच भरली होती.

जुन्या रेडिओतलं लोहचुंबक सुतळीला बांधून
पडवीभर ओढलं, कुत्र्याला फिरवतात तसं.
तीन गळ निघाले. टाचणी. एक चार आणे.
आणि एक किल्ली, जिचं कुलूप आम्हा दोघांनाही आठवेना.
गळ भालूने ओळखले. तळहातावर उलटसुलट करत म्हणाला,
ह्यो सुरमयचो.
होडी विकून सहा वर्षं झाली.
टोक अजून तसंच.

गडग्याला मोगली एरंड. मामंजींनी लावलेला,
गुरं तोंड लावत नाहीत म्हणून.
पोरं लावतात.
बी म्हणे शेंगदाण्यासारखी लागते;
सुलक्षाचा थोरला सात खाऊन रात्रभर ओकत होता
सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर.
दोन दिवस लागले उपटायला.
चिकाचा डाग साडीवर बसला तो बसलाच.

फ्रिजचं अर्थिंग, चिऱ्यांमधल्या फटी, गॅसची नळी:
ही पैशाची कामं, पैशाने झाली.
कुठल्या पैशाने ते विचारू नका,
हातात काचेच्याच राहिल्यात.

विहिरीकडे मी मुद्दाम शेवटी गेले.
कठडा माझ्या कमरेला. म्हणजे
शेजारी कळशी पालथी असली
की कुणाच्याही छातीला.
वेल्डिंगवाला लोखंडी झाकणाचे नऊ हजार म्हणाला.
भालू काही बोलला नाही. माळ्यावर चढला
आणि जाळं खाली ढकललं.
धूळ उडाली, मागोमाग तो वास.
रात्रभर बल्बखाली बसलो दोघं,
दुहेरी विणत, गाठीवर गाठ,
तो शिव्या देत, मी दोरा ओवत.
पहाटे पाइपाच्या चौकटीवर ताणून बसवलं
आणि तो स्वतः वर उभा राहिला, बहात्तर किलोचा.
दोनदा उडी मारली. माझा श्वास तिसऱ्या उडीपाशी अडकलेला.
"आता ह्येच्यातून कोण भायर जावचो नाय,"
सवयीने म्हणाला.
मग थांबून: "आत. आत जावचो नाय."

सोमवारी पावणेसातला झीनत मुजावर आली.
कोळंबीच्या शेडवर सातची पाळी,
बर्फाने बोटांची टोकं पांढरी पडलेली.
तिने घर बघितलं नाही.
मी दाखवायला निघाले होते: हे बघ विहीर, हे बघ बटणं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
मग पोर माझ्या कडेवर दिली
आणि मागे न वळता उतरणीला लागली.

पोर रडली नाही. शोधत होती काहीतरी.
खवणी नाही, बाटली नाही, गळ नाहीत,
बिया नाहीत, सगळं हाताबाहेर.
मग तिने माझ्या गळ्याशी हात घातला
आणि मंगळसूत्राला अडकवलेला
सेफ्टी पिनांचा झुबका मुठीत धरून
सरळ तोंडाकडे नेला.

सगळं घर तपासलं होतं.
मीच राहिले होते.

मूठ सोडवली, एकेक बोट करत.
सहा पिना निघाल्या. खांद्यावरची सातवी.
डबीत घालून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवल्या,
विळीच्या शेजारी.

दहाला झोपली.
पदर तेवढा दिवसभर सुटत राहिला.