उजवा वरचा कोपरा

इरय्या म्हणाला, दोन दिवस ठेव बे,
पटली तर पैसे, नाही तर आणून दे.
नवी पेठेतनं घरापर्यंत
पोटाशी धरून आणली स्कूटरवर
पन्नासची, एक-पॉइंट-चार.
अर्धा किलो शेंगाचटणीच्या पुड्याएवढी जड,
किंमत मात्र दोन लग्नं आणि एक बारसं.

आधी फोकसची मोटर ऐकायची होती,
व्हिडिओत कुरकुर येते का ते.
पण शेजारी गाजुलांचे आठ माग
सकाळी सातपासून खटाखट.
कॅमेऱ्याला कान लावून बसलो
आणि माग ऐकले.
साडेअकराला लाइट गेली,
गल्लीभर अचानक ऐकू यायला लागलं सगळं:
नळाखाली कुणाची तरी घागर,
एक चुकलेला कोंबडा,
आईच्या सुपात विडीचं पान कापणारी कात्री.
लेन्स गप्प होती.
तेवढ्यात पास.

मग आई.
दारातनं येईल तेवढाच उजेड.
फ्लॅश म्हटला की ती चेहरा घडी करून ठेवते,
आज तिला कळलंच नाही.
दीड हातावरनं, पूर्ण उघडी:
डाव्या डोळ्याच्या पापणीचे केस मोजून घ्यावेत,
उजवा तोवर धुक्यात गेलेला,
मोरणी दोन्हीच्या मधे,
ना इकडची ना तिकडची.
तांदळाच्या दाण्याएवढी जागा स्पष्ट,
बाकी सगळी आई अंदाजाने.

दुपारी गच्चीवर चादर टांगली.
लोक म्हणे विटांची भिंत टिपतात.
आमच्याकडे मोरांची जोडी आहे, काठाला चौकडी,
विटेपेक्षा बारीक आणि सरळ.
तिवई लावली, चार टप्प्यांत काढले.
पांढऱ्या धाग्याला जांभळी कड, दोनवर विरली.
मध्यभाग असा, की मोराच्या डोळ्यातली
सुटी लव दिसावी.
डावे कोपरे ठीक, उजवा खालचा चालेल.
उजवा वरचा मात्र
ताक ढवळल्यासारखा,
आठपर्यंत बंद केली तरी निवळेना.

नायना जिना चढून आले.
मिलमध्ये एकवीस वर्षं कापड तपासलेलं,
खिशात अजून ते घडीचं पितळी भिंग,
इंचात धागे किती ते मोजायचं.
लॅपटॉपच्या पडद्यावरच ठेवलं त्यांनी ते.
"ह्यात तर नुसते लाल हिरवे निळे ठिपके की रे."
मग पडदा सोडून चादरीकडे गेले,
बोट ठेवलं. इथं बाणा तुटलाय.
मी मोठं करून बघितलं. होता.
मोराच्या मानेखाली, एकच, केसाएवढा.
"मीच काढली होती ही बाजूला.
सेकंड. म्हणून तर घरी आली."

म्हणजे ज्या चादरींत आम्ही भावंडं वाढलो
त्या सगळ्या
नायनांनी नापास केलेल्या.

कोपरा दाखवला त्यांना.
बघितला, मान हलवली.
"किती सोडतो विचार. सेकंडमध्ये घे.
ऊब काय, तेवढीच असते."

खरंच होतं ते.
लग्नात कोपऱ्यात असतं कोण?
मांडवाचा खांब, केटररचा पोऱ्या,
आहेराची पाकिटं मोजणारा मामा.
हार तर मध्येच पडतात.
पाच हजार सुटले तर, सहा सुटले तर,
रात्री वहीत मांडत बसलो.

समोर भिंतीवर माझ्याच लग्नाचा ग्रुप फोटो,
कुणीतरी कसल्यातरी लेन्सनं काढलेला.
व्याही पुढं, सोफ्यावर.
नायना पार मागं, खुर्चीवर चढून,
उजव्या वरच्या कोपऱ्यात,
टोपी अर्धी फ्रेमच्या बाहेर,
तोंड कुठल्या बाजूला आहे तेही सांगता येत नाही.

इरय्याला फोन लावला.
याच लेन्सचा दुसरा पीस आहे का?
का बे, खराबी आहे काय?
खराबी नाही म्हटलं,
दुसरा पण दे दोन दिवस,
चादरीपुढं लावून बघतो.