गळती वजा जाता

डबा बिस्किटांचा. आत एकशे बारा नग.
शालिकराम भोयर रेडिओवाल्यांच्या सुनेनं
दोन पायली तांदळावर देऊन टाकले.
"तीन पायांचे मुंगळे," म्हणाली,
"याचं करता काय जी?"

मोटार वायंडिंगच्या माझ्या दुकानात
प्रज्योत खोब्रागडे गिटार मांडीवर घेऊन बसलेला.
यंदा वडस्याच्या नाटक कंपनीत वाजवणार.
दुसऱ्या अंकात खलनायक शिरतो
तेव्हा त्याला असा आवाज हवा,
जो जुन्या गोधडीसारखा टरकन फाटेल
पण चिंध्या होणार नाही.

सिलिकॉनचे दोन डबे करून दिले होते त्याला.
"चावतात," म्हणाला.
"मले भुंगा पायजे ताई. तू मच्छर दिला."

म्हणून हे जर्मेनियम. म्हणून ही मोजणी.
नऊ व्होल्टचा सेल, एक रेझिस्टर, मीटर.
आधी बेस मोकळा ठेवायचा;
कुणी काही मागितलेलं नसताना
किती वाहून जातं, ते लिहायचं. ती गळती.
मग बेसला बावीस लाख ओहमची वाट द्यायची
आणि येईल त्या आकड्यातून
गळती वजा करायची.
उरतं ते त्याचं स्वतःचं.

सतरा नंबरचा नग: दोनशे दहा दाखवतो,
त्यातले दीडशे नुसते पाझरलेले.
सोसायटीचे सचिव आठवले.
चाळीस नंबर: पंच्याऐंशी, गळती जवळजवळ नाही,
कोपऱ्यात गंज, एक पाय आखूड. बाजूला ठेवला.

बोटांत धरू नये.
माझ्या बोटाची ऊबसुद्धा
तो आपली ताकद म्हणून सांगतो.
चिमट्यानं लावायचा, हात मागे घ्यायचा,
आकडा खाली उतरून थांबेपर्यंत
शेजारच्या गिरणीचा पट्टा ऐकायचा.

ऑक्टोबर. दुपारचे दोन. पत्र्याचं छप्पर.
साठ नग तपासले, सहा निघाले कामाचे.
वही मिटली. प्रज्योत घरी गेला.
पंप जळालेला एक माणूस आला, त्याचं काम केलं.

रात्री झोप येईना म्हणून परत बसले.
पहाटे चारला तेच साठ नग,
तोच सेल, तेच मीटर,
आणि एकोणतीस पास.

बराच वेळ दोन्ही पानांकडे बघत राहिले.
खोटं कुठलं पान?

मग आठवलं, नाटक दुपारी नसतंच.
धान निघाल्यावर, कापल्या बांधीत,
रात्री दहाला पडदा, कोंबड्याला शेवट,
प्रेक्षक ब्लँकेटात.
ज्या तासाला वाजायचं
त्याच तासाला मोजायला हवं होतं.
दुपारचं पान फाडलं नाही. काट मारली फक्त.

जोड्या लावल्या. पहिला सत्तर-ऐंशीचा,
दुसरा एकशे वीसच्या आसपास.
मला सूर कळत नाही. प्रज्योत तार छेडायचा,
मी त्याच्या पायाचा अंगठा बघायची.
आकड्यांनी जुळलेल्या चार जोड्या मुक्यानं गेल्या.
पाचव्यात चाळीस नंबर, तो गंजका, घातला
आणि अंगठा हलला.

उरलेला डबा परत द्यायला गेले तेव्हा
ती सून धान पाखडत होती.
"सासरे बी रातीच बसत दुरुस्तीले.
आमी म्हनो, दिवसा झोपा काढतेत."
सूप थांबलं तिचं.
"कावून, ते कोनी इचारलंच नाही जी."

आरमोरीकडच्या एका गावी पहिला प्रयोग.
खलनायक आला. भुंगा उठला
मैदानभर, जाड, ऊबदार, किंचित आजारी.
पुढच्या रांगेतलं पोर आईच्या शालीत शिरलं.
लोक रंगमंचाकडे बघत होते.
मी बघत होते
तो हॅलोजन डब्यापासून
किती हात लांब आहे.